मागच्या बाकांचा आवाज

त्या रविवारी टेचिमन गावच्या अग्निस्तंभ मंडळीच्या पत्र्याच्या मांडवात मुंगीलासुद्धा शिरायला जागा नव्हती. एरवी दहाच्या प्रार्थनेला साडेअकराला डुलत डुलत येणारी माणसं, पण आज साडेआठपासून रुमाल टाकून जागा धरून बसली होती. का, तर आज ओसोफो, म्हणजे मंडळीचे पाळक, उत्तर देणार होते! गुरुवारी त्या फिलोमिनाने रेडिओवर जाऊन जे काही बोलून ठेवलं, त्याचा आज सगळ्यांसमोर समाचार घेतला जाणार, ही बातमी शुक्रवारपासून बाजारात याम-कंदांच्या प्रत्येक ढिगामागे चघळली जात होती. ढोलवाल्यांनी नवी कातडी चढवली होती, गायनमंडळातल्या पोरी डोक्याला नवेकोरे फडके बांधून आल्या होत्या. एवढी गर्दी नाताळातसुद्धा होत नाही हो!

आणि मंचावर, ओसोफोंच्या डाव्या हाताला एक पाऊल मागे, हातात दुसरा माइक घेऊन क्लोटिल्डा उभी होती. फिलोमिना तिची सख्खी थोरली बहीण होती.

क्लोटिल्डा तिथली दुभाषी. ओसोफो बोलायचे ट्वी. पुढच्या बाकांवर शिक्षक, शिंपी, दुकानदार बसायचे, त्यांना ती कळायची. मागचे बाक मात्र दागाबांचे. उत्तरेकडून शेती करायला आलेली ही माणसं, त्यांची ट्वी ‘केवढ्याला?’ आणि ‘जरा कमी कर की’ इथेच संपायची. त्यांच्यासाठी क्लोटिल्डा त्यांच्या दागारे भाषेतून बोलायची. आणि आमच्याकडे दुभाष्याचं काम म्हणजे कोपऱ्यात उभं राहून पुटपुटणं नव्हे! ओसोफोंनी उडी मारली की दुभाष्यानेही मारायची. ते रडले की रडायचं, त्यांनी बोट रोखलं की त्याच दिशेला बोट रोखायचं. ‘ओसोफो म्हणतात’ असं एकदासुद्धा म्हणायचं नाही. ते ‘मी’ म्हणाले की आपणही ‘मी’ म्हणायचं आणि तेही त्यांच्यापेक्षा चार आणे जास्त जोर लावून.

अकरा वर्षं ती हे करत होती आणि तिला ते फार, फार आवडायचं. उगाच कशाला खोटं बोला? माइक हातात घेतला की तिच्या अंगात वारं शिरायचं. तिच्या एका आरोळीवर मागचे चारशे जण ताडकन उठायचे. ओसोफोंना दागारेचा ओ की ठो कळत नव्हता, पण मागून येणारा ‘आमेन’ ऐकून ते खूश व्हायचे आणि तिला म्हणायचे, “क्लोटिल्डा, तू माझी दुसरी जीभ आहेस.” हे वाक्य ती घरी जाताना मनात घोळवायची.

मग सहा महिन्यांपूर्वी फिलोमिनाचा नवरा झिएम मंचापुढे आला. त्याला साखरेचा आजार होता. मंचाखाली एक लोखंडी पिंप ठेवलेलं असायचं. सुरुवातीला लोक त्यात ताईत, गंडे, मंतरलेली हाडकं टाकायचे. पुढे कधी गोळ्या आणि औषधाच्या बाटल्या पडायला लागल्या, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ओसोफो झिएमला ट्वीत म्हणाले, तुझी औषधं म्हणजे तुझी देवावरची शंका आहे, टाक ती. झिएमला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्याला सांगितलं कोणी? क्लोटिल्डाने! “ही तुझी शंका आहे, झिएम! मी तुला सांगतो, टाक!” असं ती गरजली. मेहुणीचा ओळखीचा आवाज ऐकून तो हसला आणि त्याने पिशवी टाकून दिली. एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

गुरुवारी रेडिओवर फिलोमिनाने आधी ट्वीत आणि मग दागारेत सगळ्यांची नावं घेतली. ओसोफोंचं घेतलं, मंडळीतले वडीलधारे एल्डर बाफो यांचं घेतलं, पिंप ढकलत आणणाऱ्या ढोलवाल्याचंसुद्धा घेतलं. क्लोटिल्डा चुलीवर घाटा ढवळता ढवळता ऐकत होती आणि आता आपलं नाव येणार म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. कार्यक्रमवाल्याने विचारलंही, “ताई, तुमच्या नवऱ्याला ट्वी येत नव्हती ना? मग ओसोफोंचं म्हणणं त्यांना कळलं कसं?” फिलोमिना म्हणाली, “त्यांना तसं ऐकू आलं.” एवढंच. बहिणीचं नाव तिने ओठांवर येऊ दिलं नाही. घाटा तळाला लागून करपला तरी क्लोटिल्डाला भान नव्हतं.

शुक्रवारी वडीलधाऱ्यांची बैठक बसली. पहिला म्हणाला, दुर्लक्ष करा, भुंकून भुंकून दमेल. दुसरा म्हणाला, छे छे, तीन दिवस उपास धरू, तिचं तोंड वाकडं होऊ दे. एल्डर बाफो मात्र निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्मा पुसला.

“तोंड वाकडं झालं नाही म्हणजे? आपलीच शोभा होईल. लोकांना गोष्ट लागते. तिने एक सांगितली, आपण दुसरी सांगायची. झिएम औषधाविना मेला नाही. बायकोने त्याला चोरून मांत्रिकाच्या मुळ्या पाजल्या, त्याने मेला. आता पाप झाकायला ती आपल्यावर घसरते आहे. झालं! आणि हे सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकलं की मागच्या बाकांवर कोण शंका घेईल?”

“पण बाफोदादा,” क्लोटिल्डा म्हणाली, “तिने असलं काही पाजलेलं नाही.”

“तू काय तिच्या चुलीपाशी बसून होतीस?”

“माझी बहीण आहे ती. मला माहीत आहे.”

“अगं, तुला साक्ष द्यायला कोण सांगतंय?” बाफो समजुतीने म्हणाले. “बोलणार ओसोफो. तू फक्त भाषांतर करायचं. भाषांतराचं कधी पाप लागतं का, वेडे!”

सहा महिने ती स्वतःला नेमकं हेच सांगत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून तेच ऐकलं तेव्हा मात्र ते तिला पटेना.

तर आता रविवार उजाडला होता आणि ढोल असे काही कडाडत होते की पत्र्यावरची धूळ खाली पडत होती. पांढरे रुमाल हवेत फिरत होते. क्लोटिल्डाने मागच्या बाकांवरून नजर फिरवली. मांडवाबाहेर, कडुलिंबाखाली, कर्ण्याच्या खांबाला टेकून फिलोमिना उभी होती! अंगावर विधवेचं काळं कापड, हात छातीशी घट्ट बांधलेले. बाजारात वीस वर्षं टोमॅटो विकलेली बाई ती, ट्वी आणि दागारे दोन्ही तिला पाण्यासारख्या यायच्या. एक शब्द तिच्या कानांतून सुटणार नव्हता.

ओसोफो उठले. ढोल एकदम थांबले.

“माझ्या लेकरांनो!” ते म्हणाले.

“माझ्या लेकरांनो!” क्लोटिल्डा दागारेत म्हणाली.

“या आठवड्यात माझ्यावर चिखल उडवला गेला!”

“या आठवड्यात माझ्यावर चिखल उडवला गेला!”

“लोक विचारतात, झिएमला कोणी मारलं?”

“लोक विचारतात, झिएमला कोणी मारलं?”

ओसोफोंनी पाय आपटला आणि बोट थेट बाहेर रोखलं. “त्याच्या बायकोने!”

क्लोटिल्डाने पाय आपटला. बोट उचललं. तिने तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, देवाशपथ सांगते. तिचं बोट मात्र बाहेर गेलं नाही, ते वळून तिच्या स्वतःच्या छातीवर आलं.

“माझ्या शब्दाने!”

मागच्या बाकांवरून असा काही हुंकार उठला की ओसोफोंना हुरूप आला.

“तिने त्याला मांत्रिकाच्या मुळ्या पाजल्या!”

“त्याची औषधं मी पिंपात टाकायला लावली!”

“मी आजवर गप्प बसलो, कारण मला तिची कीव आली!”

“मी आजवर गप्प बसलो, कारण मला लाज वाटली!”

बाप रे! अकरा वर्षांत क्लोटिल्डाने वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता आणि आज अख्खं प्रवचन तिने उलटं फिरवलं होतं. वर तिला थांबवणारं कोणी नव्हतं! पुढच्या बाकांना दागारे कळत नव्हती, मागच्यांना ट्वी कळत नव्हती. गायनमंडळातली एक पोर तेवढी दोन्ही भाषांत वाढलेली, तिचा आ वासला तो मिटेचना. भीती आणि आनंद यांतलं नेमकं काय चाललं आहे तेही क्लोटिल्डाला कळत नव्हतं, पण थांबायचं नाही एवढं कळत होतं.

ओसोफोंनी आता ठेवणीतलं काढलं. ते धाडकन गुडघ्यांवर बसले, हात वर केले, डोळ्यांत पाणी आणलं. “देवा, त्या फिलोमिनाला माफ कर!”

क्लोटिल्डाही गुडघ्यांवर बसली. “फिलोमिना, मला माफ कर!” ती म्हणाली आणि तिला खरोखरच हुंदका फुटला.

पुढचे बाक ओरडले, “नको! तिला शिक्षा होऊ दे!” मागचे बाक ओरडले, “केलं! माफ केलं!” सगळा एकच गोंधळ, आणि त्या गोंधळात ओसोफो तृप्त होऊन उठले.

मग जे घडलं ते मात्र क्लोटिल्डाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मागून म्हातारा बायुओ काठी टाकून उठला आणि चक्क नाचायला लागला. “एवढा मोठा माणूस!” तो ओरडला. “एवढा मोठा माणूस चारचौघांत चूक कबूल करतो! गुडघे टेकतो! अरे, आपल्या गावचा साधा मुखिया कधी झुकला आहे का? हा देवमाणूस आहे, देवमाणूस!” बायका रडत रडत टाळ्या पिटायला लागल्या. कालपर्यंत रेडिओ ऐकून कुजबुजणारे लोक आज रुमाल ओवाळत होते. ज्यांचा विश्वास डळमळला होता, त्यांचा आता दुप्पट झाला होता!

घ्या! म्हणजे एवढा जिवावर उदार होऊन खरं सांगितलं आणि ते फळलं कोणाला, तर ओसोफोंना! क्लोटिल्डाने कडुलिंबाकडे पाहिलं. फिलोमिना टाळ्या वाजवत नव्हती. ती बहिणीकडे बघत होती आणि सावकाश मान हलवत होती. नाही, क्लो. असं नाही.

एवढ्यात बर्नाडेट वाट काढत पुढे आली. ही नदीपलीकडच्या वस्तीवरची. पाठीला बांधलेली तिची चार वर्षांची लेक आयुओ, तिला फिट्स यायच्या. तीन रविवार बर्नाडेट इस्पितळातल्या औषधाची बाटली मुठीत धरून यायची आणि तशीच परत जायची. तिचं धाडस होत नव्हतं. आज मात्र तिचा चेहरा उजळला होता.

“ओसोफो,” ती दागारेत म्हणाली, “खोटं कशाला बोलू, रेडिओ ऐकून माझं मन फिरलं होतं. पण जो माणूस स्वतःची चूक कबूल करतो तो मला फसवणार नाही. आता तुम्ही सांगाल तसं.”

“काय म्हणते ही?” ओसोफोंनी विचारलं.

“हिच्या मुलीला फिट्स येतात,” क्लोटिल्डा कशीबशी म्हणाली.

ओसोफो हसले, बाटलीकडे बघितलं आणि पिंपाकडे बोट केलं. “टाक.”

“जपून ठेव!” क्लोटिल्डा घाईघाईने दागारेत म्हणाली. “मी तुला सांगतो, सकाळ-संध्याकाळ दे. एक दिवस चुकवू नकोस!”

बर्नाडेट गोंधळली. कानांना एक ऐकू येत होतं आणि डोळ्यांना ते बोट दिसत होतं. बाफोंनी खूण केली, ढोलवाल्याने पिंप ढकलत तिच्या पुढ्यात आणलं आणि ढोल घुमायला लागला. बोटाला काय दुभाष्या लागतो? बर्नाडेटने डोळे मिटले, ओठांनी प्रार्थना पुटपुटली आणि बाटलीचा हात पिंपावर नेला. पाठीवरची आयुओ ढोलाच्या तालावर पाय हलवत होती.

क्लोटिल्डाने मंचावरून उडीच टाकली! आज पहिल्यांदा ओसोफोंनी न मारलेली उडी तिने मारली. तिने बर्नाडेटचं मनगट गच्च पकडलं.

“थांब! ओसोफोंनी कोणाचीही माफी मागितलेली नाही!” माइक अजून तिच्या दुसऱ्या हातात होता आणि तिचा आवाज कर्ण्यांतून बाहेर कोसळत होता. “एक शब्द नाही मागितली! ते म्हणत होते, नवऱ्याला फिलोने मारलं. ते खोटं आहे. माफी मी मागितली. मी, क्लोटिल्डा! झिएमला पिंपात औषध टाकायला ते म्हणाले आणि मी ते त्याच्या कानात ओतलं. शब्द त्यांचे होते, तोंड माझं होतं. माझं ऐकून त्याने टाकलं गं! आता माझं ऐकून ही बाटली घरी ने. देवाला औषधाचा राग येत नाही. आला तर माझ्यावर येऊ दे!”

मग ती पुढच्या बाकांकडे वळली आणि तेच सगळं तिने ट्वीत सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. अकरा वर्षांत पुढच्या बाकांशी ती ट्वीत कधीच बोलली नव्हती. शिंपी, शिक्षक, दुकानदार, सगळे तिच्याकडे असे बघत राहिले की जणू खांबाला वाचा फुटली. एल्डर बाफोंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी धावत येऊन तिच्या हातातला माइक हिसकावला.

ओसोफोंनी मात्र घाई केली नाही. मुरलेला गडी होता तो. ते मंचाच्या कडेला आले, तळहात आडवा धरला आणि थंडपणे ट्वीत म्हणाले, “ही बाई कोण आहे? हिला आत कोणी सोडलं? मी हिला ओळखत नाही. ही आपल्या मंडळीची कधीच नव्हती.”

पुढच्या बाकांवरून दोन-चार ‘आमेन’ आले, तेही चाचरत.

मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. त्यांना अर्थातच काहीच कळलं नव्हतं. “काय म्हणाले?” म्हातारा बायुओ ओरडला. “क्लो, अगं काय म्हणाले ओसोफो?” आणि मग सगळीकडून तेच. “क्लो, सांग की! काय म्हणाले?”

क्लोटिल्डाकडे माइक नव्हता. ती पायऱ्या चढून मंचावर गेली आणि आपल्या रोजच्या जागी, ओसोफोंच्या डाव्या हाताला एक पाऊल मागे, उभी राहिली. कोणी अडवावं हेही कोणाला सुचलं नाही. तिने ओसोफोंसारखाच तळहात आडवा धरला, मान तशीच तिरकी केली आणि छाती भरून श्वास घेतला.

“ही बाई कोण आहे?” ती दागारेत गरजली. “हिला आत कोणी सोडलं? मी हिला ओळखत नाही! ही आपल्या मंडळीची कधीच नव्हती!”

चारशे माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अकरा वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या बाईला ओसोफो ओळखत नाहीत? आज इतके उलटसुलट शब्द ऐकल्यावर कशावर विश्वास ठेवायचा हे त्यांना कळेना. बर्नाडेट अजून पिंपापाशीच उभी होती, बाटली मुठीत. तिने एकदा मंचाकडे पाहिलं आणि मग मान वळवून बाहेर कडुलिंबाकडे पाहिलं.

“फिलोताई,” तिने हाक मारून विचारलं, “तुला दोन्ही कळतं. खरंच असं म्हणाले ते?”

फिलोमिनाने छातीशी बांधलेले हात सोडले. “हो,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीने सांगितलं ना, शब्द न शब्द तसंच म्हणाले.”

बर्नाडेटने बाटली कमरेच्या गाठीत खोचली, पाठीवरच्या लेकीला एक हिसका देऊन वर सरकवलं आणि ती मांडवाबाहेर चालू लागली.